जुन्या डीव्हीडीच्या दुकानातून ॲक्शन सिनेमे आणि बॉक्स सेट: काय उचलू?

आखाड्यावरचा

नमस्कार मंडळी. संभाजीनगरात पैठण गेटजवळच्या एका बोळीत जुन्या डीव्हीडीचं दुकान आहे. मालक आता तिथं मोबाईलचं सामान ठेवणार, म्हणून सगळा माल काढायलाय. सुटी डीव्हीडी तीस-चाळीस रुपयांना, बॉक्स सेट दोनशेपासून पाचशेपर्यंत. भिंतभर माल आहे आणि त्यात निम्म्याच्या वर मारधाडीचे सिनेमे. मालक म्हणाला, "तुम्ही नावं सांगा, मी बाजूला काढून ठेवतो." माझं बजेट दोन हजार.

कुणासाठी ते सांगतो. आमचे अण्णा जिंतूरकडं आखाड्यावरच, म्हणजे शेतातल्या घरी, राहतात. तिथं मोबाईलची रेंज बोलण्यापुरती येते, सिनेमा चालण्याइतकी नाही. टीव्ही, डीव्हीडी प्लेअर आणि इन्व्हर्टर आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचे येतात, एक सहावीतला, एक नववीतला. अण्णांना मारामारी मनापासून आवडते, पण त्यांची एक अट असते: "मारणारा आन् मार खाणारा, दोघं बी दिसले पायजेत." नुसता कॅमेरा गदागदा हलवला आणि ढिशूम आवाज टाकला की ते उठून बैलांना वैरण टाकायला जातात. मला त्यांची ही अट फार पटते.

पडद्याच्या खाली येणाऱ्या इंग्रजी पाट्या त्यांना वाचता येत नाहीत. म्हणून हिंदी आवाज असलेले, नाहीतर भाषेवाचून समजणारे सिनेमे सांगा. जुनी डीव्हीडी घेताना काय तपासायचं आणि बॉक्स सेट घ्यावेत की सुटे, हेही सांगा.

गंजगोलाई

ब्रूस ली. विषय संपला.

गंजगोलाई

बरं, जरा नीट लिहितो. ब्रूस लीचे पूर्ण झालेले कुंगफू सिनेमे चारच: 'द बिग बॉस' (१९७१), 'फिस्ट ऑफ फ्युरी' (१९७२), 'वे ऑफ द ड्रॅगन' (१९७२) आणि 'एंटर द ड्रॅगन' (१९७३). शेवटचा प्रदर्शित व्हायच्या आधीच, २० जुलै १९७३ ला, तो गेला. बॉक्सवर पाच सिनेमे लिहिलेले असतील तर पाचवा बहुतेक 'गेम ऑफ डेथ' असतो. तो त्याच्या मागं, १९७८ मध्ये, डमी माणसं घालून पूर्ण केलेला. त्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. फुकट येत असेल तर घ्या, कारण सिनेमाच्या शेवटाकडं ब्रूस लीनं स्वतः केलेल्या मारामाऱ्या आहेत आणि त्या अस्सल आहेत.

अण्णांच्या अटीला 'वे ऑफ द ड्रॅगन' चपखल बसतो. रोममधल्या कलोसियममध्ये ब्रूस ली आणि चक नॉरिस समोरासमोर. आधी दोघं शांतपणे अंग मोकळं करतात, बोटं मोडतात. मग मारामारी सुरू होते, तीही डोक्यापासून पायापर्यंत दोघं दिसतील अशी. भाषेची गरजच नाही.

पडद्यामागे

गंजगोलाईंशी सहमत. मी तपासायचं कसं ते लिहितो, कारण ढिगातून माल घेताना सिनेमाच्या नावाइतकीच तबकडी महत्त्वाची.

तबकडीची मागची बाजू बघा. कंपनीत छापलेली डीव्हीडी चांदीसारखी दिसते, दोन थरांची असेल तर किंचित सोनेरी. मागची बाजू जांभळट असेल तर ती घरी किंवा दुकानात रेकॉर्ड केलेली आहे, कव्हर कितीही रंगीत असो. तशा तबकड्या आपल्याकडच्या उन्हात लवकर खराब होतात.

मग ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. मधल्या भोकापासून कडेकडं सरळ गेलेला ओरखडा सहसा चालून जातो. गोल फिरलेला ओरखडा वाईट, कारण माहिती गोल रेघेतच लिहिलेली असते आणि तो ओरखडा त्याच रेघेवरून लांबवर जातो. याच कारणानं पुसतानाही गोल गोल पुसायचं नाही. मऊ सुती कापडानं मधून बाहेर, सरळ पुसायचं. शर्टाच्या टोकानं तर अजिबात नाही.

मधल्या भोकाजवळ बारीक तडे आहेत का बघा. घट्ट डबीतून जोर लावून काढल्यानं तिथंच तडा जातो आणि तो वाढत जातो. तडा असेल तर फुकट दिली तरी नको.

सगळ्यात शेवटी रिजन, म्हणजे तबकडी जगातल्या कोणत्या भागातल्या प्लेअरसाठी आहे तो आकडा. भारताचा डीव्हीडी रिजन ५, अमेरिकेचा १. कव्हरच्या मागं पृथ्वीच्या गोळ्यावर आकडा छापलेला असतो. आपल्याकडचे बरेच साधे प्लेअर कुठलाही रिजन चालवतात, पण सगळे नाही. अण्णांच्या प्लेअरवर एखादी लावून बघितल्याशिवाय बाहेरदेशच्या चार-पाच एकदम घेऊ नका.

वसमतकर

आजच्या काळात डीव्हीडी कशाला पाहिजे? शहरात डाऊनलोड करा, पेन ड्राइव्हमध्ये टाका आणि आखाड्यावर लावा. दोन हजारात बियाण्याची पिशवी येईल.

आखाड्यावरचा

वसमतकर दादा, बियाण्याचं बजेट वेगळं काढलंय. आणि पैसे देऊन घेतलेल्या ॲपवरचं डाऊनलोड त्या ॲपमध्येच चालतं, पेन ड्राइव्हवर जात नाही. बाकीचं डाऊनलोड म्हणजे चोरी, ती अण्णांच्या नावानं करायची नाही.

शिवाय अण्णांना तबकडी हातात लागते. डबी उघडायची, चित्र बघायचं, आज कोणता लावायचा ते ठरवायचं. मेनू बिनू ते बरोबर चालवतात.

सेलूची_लेक

आखाड्यावरचा दादा, हे शेवटचं वाक्य फार आवडलं. माझ्या वडिलांचंही तसंच होतं.

मी शाळेत शिकवते, म्हणून भाच्यांच्या बाजूनं बोलते. मारामारी चालेल, पण रक्ताचा सडा नको. इथं पुढं कुणीतरी इंडोनेशियाचा 'द रेड' (२०११) सुचवणारच. सिनेमा म्हणून तो जबरदस्त आहे, मी स्वतः बघितलाय. सहावीतल्या मुलाला मात्र तो दाखवू नये. त्यापेक्षा जॅकी चॅन द्या. तोही जीव धोक्यात घालतो, पण मार खाताना हसवतो, आणि शेवटच्या नामावलीबरोबर शूटिंगमध्ये काय काय चुकलं, कुणाला कुठं लागलं तेही दाखवतो. मुलांना त्यातून कळतं की हे खरं काम आहे आणि त्यात माणसाला खरंच लागतं. माझ्या वर्गातली मुलं ती नामावली संपेपर्यंत जागची हलत नाहीत.

दुधनाकाठ

मी 'द रेड' सुचवायलाच आलो होतो. सेलूच्या ताईंनी दारातच अडवलं.

पडद्यामागे

जॅकी चॅनचे दोन नक्की घ्या. 'प्रोजेक्ट ए' (१९८३) मध्ये तो घड्याळाच्या मनोऱ्यावरून दोन कापडी छतं फाडत खाली येतो. 'पोलीस स्टोरी' (१९८५) मध्ये सुरुवातीला डोंगरउतारावरच्या झोपडपट्टीतून गाड्या खाली येतात आणि शेवटची मारामारी एका मॉलमध्ये आहे. त्यात तो दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबाला धरून कित्येक मजले खाली घसरतो. त्याचे हात खरंच भाजले होते. काचा इतक्या फुटल्या की युनिटमधली माणसं सिनेमाला 'ग्लास स्टोरी' म्हणायची.

ती खांबावरची उडी सिनेमात लागोपाठ तीन वेळा, वेगवेगळ्या कोनांतून दाखवलीय. बघणाऱ्याची खात्री पटावी, म्हणून. अण्णांची जी अट आहे ना, तीच त्या माणसानं आयुष्यभर पाळली. फक्त डबी उलटी करून भाषेची ओळ वाचा. जॅकी चॅनच्या काही डीव्हीडींवर इंग्रजीच आवाज असतो.

नांदेडी_खिलाडी

परदेशात कुठं हिंडायलात? 'खिलाडियों का खिलाडी' (१९९६) घ्या की! अक्षय कुमार आणि अंडरटेकरची फाईट! आमच्या गल्लीत त्या काळात कुस्तीच्या पत्त्यांवर जीव टाकणारी पोरं होती. अंडरटेकरच्या एका पत्त्यासाठी दहा पत्ते द्यायचे. तो माणूस थेट हिंदी सिनेमात म्हटल्यावर आम्ही वेडे झालो होतो.

पडद्यामागे

नांदेडी भाऊ, तो खरा अंडरटेकर नव्हता. ब्रायन ली नावाचा पैलवान होता. गंमत म्हणजे १९९४ मध्ये त्यानं अमेरिकेतल्या कुस्तीतही नकली अंडरटेकरची भूमिका केली होती आणि खऱ्या अंडरटेकरशी लढला होता. सिनेमातला दुसरा पैलवान, क्रश, मात्र खराच होता.

नांदेडी_खिलाडी

हे वाचून मी मोबाईल खाली ठेवला आणि घरात एक चक्कर मारून आलो.

गंजगोलाई

नांदेडी भाऊंना कुणीतरी पाणी द्या.

वसमतकर

आता ते दहा पत्ते परत मागा.

माळेगावची_जत्रा

कुस्ती निघाली म्हणून लिहितो. आमच्याकडं लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, तमाशाचे फड, आणि त्याच्या शेजारी टुरिंग टॉकीजचे तंबू. मी पहिली मारामारी पडद्यावर बघितली ती तंबूत, जमिनीवर बसून. प्रोजेक्टर मागं घरघरायचा आणि रीळ बदलताना तंबूभर शिट्ट्या व्हायच्या. इंग्रजी सिनेमा असला तर तंबूवाल्याचा एक माणूस भोंग्यावरून मराठीत सांगायचा, "आता हा गडी त्या गड्याच्या मागं लागला, बघा." तो मारामारीत मात्र गप्प बसायचा. तिथं सांगायची गरज पडायची नाही.

नंतर व्हिडिओ आला. गणपतीत वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा, एका रात्रीत तीन कॅसेट. तिसरी लागेपर्यंत पोरं एकमेकांच्या अंगावर झोपलेली असायची, आणि म्हातारी माणसं मात्र ताठ बसून शेवटची फाईट बघायची.

सांगायचा मुद्दा हा, की आमच्या पिढीला मारामारी भाषेवाचूनच कळली. त्यामुळं दादा, हिंदी आवाजावर फार अडून बसू नका. 'मॅकेनाज गोल्ड' (१९६९) आपल्या देशात तुफान चालला तो काय सगळ्यांना इंग्रजी येत होतं म्हणून? 'व्हेअर ईगल्स डेअर' (१९६८) मधली रोप-वेच्या टपावरची झटापट बघा. खाली दरी, वर बर्फ आणि हातात कुऱ्हाड. अण्णा वैरण टाकायला उठणार नाहीत, हे मी लिहून देतो.

सेलूची_लेक

काय सुंदर प्रतिसाद आहे. यावर वेगळा धागा काढा हो.

दुधनाकाठ

बॉक्स सेटबद्दल कुणी बोललं नाही अजून, मी बोलतो. माझ्याकडं बरेच आहेत.

एक: दुकानातच डबी उघडून तबकड्या मोजा आणि प्रत्येकीवरचं नाव वाचा. जुन्या सेटमध्ये एखादी तबकडी दुसऱ्याच सिनेमाची निघते. जालन्यात माझ्या शेजाऱ्यानं घेतलेल्या चार सिनेमांच्या सेटमध्ये दुसरा भाग दोनदा होता आणि तिसरा नव्हताच. दुकानदारानं वर ऐकवलं, "दुसरा भाग चांगला आहे, म्हणून दोन दिलेत."

दोन: 'एकात पाच', 'एकात दहा' अशा तबकड्या हातात सुद्धा घेऊ नका. साधा हिशोब आहे. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, दोन थरांच्या ८.५ जीबी. एक चांगला सिनेमा नीट दाखवायला चार ते सात जीबी लागतात. पाच सिनेमे कोंबले की प्रत्येकाला एक-दीड जीबी येते. गप्पांच्या प्रसंगात ते खपून जातं. पण मारामारीत सगळं चित्र क्षणाक्षणाला बदलत असतं, तिथं चौकटी चौकटी दिसायला लागतात. ॲक्शनला सगळ्यात जास्त जागा लागते आणि या तबकड्यांवर नेमके ॲक्शनचेच सिनेमे कोंबतात, याचा मला खरोखर राग येतो.

तीन: मालिकेतले सगळे भाग सारखे नसतात. 'डाय हार्ड'चा पहिला भाग (१९८८) बावनकशी. एक इमारत, एक माणूस, पायात बूट नाहीत, सगळीकडं काचा. तो जखमी होतो आणि जखमी राहतो, पुढच्या प्रसंगात ठणठणीत होत नाही. पहिल्या तिन्हींचा सेट असेल तर घ्या. पुढच्यांसाठी पैसे वाढवून मागितले तर नको.

कन्नडचा_घाट

'बॉर्न'ची तिन्ही (२००२, २००४, २००७) एका डबीत मिळाली तर? हिंदीत पण मिळतात.

गंजगोलाई

नको! अण्णांची अट वाचा. त्यात कॅमेरा इतका हलतो की कोण कुणाला मारायलंय ते कळत नाही.

कन्नडचा_घाट

तिसऱ्या भागाला संकलनाचं ऑस्कर मिळालंय, गंजगोलाई. कॅमेरा हलतो, पण प्रत्येक तुकड्यात एक गोष्ट नेमकी दिसते: हात, पुस्तक, रुमाल, दार. तो माणूस हाताला लागेल त्या वस्तूनं लढतो, हेच तर त्यातलं सौंदर्य. नववीतल्या भाच्याला नक्की आवडेल.

पडद्यामागे

दोघांचंही ऐकलं, माझं मत गंजगोलाईंच्या बाजूनं. जोरात कापूनही स्पष्ट दाखवता येतं याचं उदाहरण मी देतो: 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५). त्यात तुकडे प्रचंड आहेत, तरी डोळा हरवत नाही. कारण दिग्दर्शक जॉर्ज मिलरनं महत्त्वाची गोष्ट जवळजवळ प्रत्येक वेळी पडद्याच्या मध्यावर ठेवलीय. तुकडा बदलला तरी नजर शोधत फिरत नाही. त्यालाही संकलनाचं ऑस्कर आहे, एकूण सहा. गाड्या खऱ्या, माणसं खरी, धूळ खरी. बांबूसारख्या लवलवत्या खांबांवर माणसं या गाडीवरून त्या गाडीवर झुलतात.

१९७९ चा पहिला 'मॅड मॅक्स' आणि १९८१ चा दुसरा एका डबीत दिसले तर दुसऱ्यासाठी ती डबी घ्या. त्यातला टँकरचा पाठलाग आजही कुणाला तसा जमत नाही.

कन्नडचा_घाट

'फ्युरी रोड'ला माझा पाठिंबा. 'बॉर्न' मी सोडणार नाही.

बीडवाला

सगळे गोऱ्यांचे आणि चिन्यांचे. आपले कुठं गेले? 'अर्जुन' (१९८५) बघितलाय का कुणी अलीकडं? भर पावसात, भर रस्त्यात, काळ्या छत्र्यांच्या गर्दीतून एका पोराच्या मागं गुंड लागतात. छत्र्या बाजूला होत जातात, कुणीही मधे पडत नाही. असा पाठलाग हिंदीत पुन्हा झाला नाही. राहुल रवैलचं दिग्दर्शन, जावेद अख्तरांचं लेखन.

मग 'घायल' (१९९०), आणि रामगोपाल वर्माचा 'शिवा'. मूळ तेलुगू १९८९ चा, हिंदी १९९० चा. त्यात कॉलेजच्या आवारात नायक सायकलची चेन ओढून काढतो. आमच्या कॉलेजच्या सायकल स्टँडवर त्यानंतर कित्येकांनी चेन ओढून बघितली. कुणालाच निघाली नाही, पण हात सगळ्यांचे काळे झाले.

आणि नाना पाटेकरांचा 'प्रहार' (१९९१). त्यातलं कमांडो प्रशिक्षण बघा. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीकडं त्यांनी स्वतः प्रशिक्षण घेतलं होतं, ते अंगावर दिसतं.

आखाड्यावरचा

बीडवाले भाऊ, 'प्रहार' अण्णांचा सगळ्यात लाडका. डिशवर लागला की शेजारच्या आखाड्यावरून माणसं बोलावतात. दुकानात दिसला तर पहिला तोच घेतो. हिंदीतल्या बऱ्याच डीव्हीडी मोजर बेअर कंपनीच्या दिसल्या. कशा असतात त्या?

दुधनाकाठ

छापील आहेत, घ्या. २००७ च्या सुमारास त्यांनी व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली, तेव्हा बोळीबोळीतल्या नकली मालाचा धंदा बसला होता. कव्हर साधं, डबी पातळ, पण सिनेमा पूर्ण. पातळ डबीमुळं ओरखडे मात्र नीट बघा. आणि घाईत व्हीसीडी उचलू नका. हिंदी सिनेमा दोन-तीन व्हीसीडींत असतो आणि एक हरवलेली असली की संपलं.

वसमतकर

'शोले' कुणीच कसं म्हणालं नाही? की तो सगळ्यांच्या घरी आहेच?

पडद्यामागे

'शोले' (१९७५) असलाच पाहिजे. आणि वसमतकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर याच सिनेमात आहे. आपण चित्रपटगृहात बघितलेल्या 'शोले'त शेवटी पोलीस येतात आणि गब्बरला घेऊन जातात. मूळ शेवटात ठाकूर त्याला खिळ्यांच्या बुटांनी मारतो. आणीबाणीच्या दिवसांत सेन्सॉरनं तो बदलायला लावला. मूळ शेवट पुढं कॅसेट-डीव्हीडीच्या काही आवृत्त्यांत आला आणि २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दुरुस्त केलेल्या प्रतीसह पडद्यावर दाखवला गेला. ॲपवर कोणती आवृत्ती ठेवायची ते ॲपवाला ठरवतो, उद्या काढूनही टाकतो. तबकडी तुमच्या कपाटात आहे तोवर तुमची आहे.

आगगाडीची मारामारी पुन्हा बघा. पनवेलजवळच्या रुळांवर ती चित्रित करायला सात आठवड्यांहून जास्त लागले. गाडी, घोडे, माणसं, लाकडं, सगळं एकाच चित्रात दिसतं.

वसमतकर

हे पटलं. आमच्या घरी कोणता शेवट आहे ते आज रात्री बघतो.

माळेगावची_जत्रा

'शोले' आवडणाऱ्याला कुरोसावांचा 'सेव्हन सामुराय' (१९५४) दाखवा. दरोडेखोरांना कंटाळलेले शेतकरी पोटाला भात देऊन लढवय्ये आणतात. पीक, पाऊस, चिखल, बांधावरची माणसं. शेतकऱ्याला हा सिनेमा वेगळाच कळतो. जपानी आहे आणि जवळजवळ साडेतीन तासांचा, पण नववीतल्या भाच्याला पाट्या मोठ्यानं मराठीत सांगायला बसवा. भोंगेवाल्याचं काम करू द्या पोराला.

सेलूची_लेक

वा! पोराचं इंग्रजीही सुधारेल.

'रॅम्बो'चा पहिला भाग, 'फर्स्ट ब्लड' (१९८२), हाही मी सुचवेन. लोकांना वाटतं त्यात नुसत्या गोळ्या असतील. त्यात मरतो एकच माणूस. युद्धावरून परत आलेल्या सैनिकाला गावात कुणी उभं करत नाही, त्याची गोष्ट आहे. शेवटी तो आपल्या जुन्या साहेबासमोर बसून रडतो. मोठ्या भाच्याबरोबर बघा आणि नंतर बोला त्याच्याशी. पुढचे भाग अगदी वेगळ्या जातीचे आहेत, ते मला नकोत.

नांदेडी_खिलाडी

मराठीत काही आहे का मारधाडीचं?

गंजगोलाई

'लय भारी' (२०१४). दिग्दर्शक निशिकांत कामत आणि नायक आमच्या लातूरच्या बाभळगावचा रितेश देशमुख. लातुरात तेव्हा तिकिटाला रांगा होत्या. कामतांनीच आधी 'डोंबिवली फास्ट' (२००५) केला होता. ती मारधाड नव्हे, पण त्यातला राग मारधाडीपेक्षा जास्त लागतो.

माळेगावची_जत्रा

त्याच्याही मागं जा. भालजी पेंढारकरांचे 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३) आणि 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४). घोडा आणि तलवार कशी धरायची ते माहीत असलेली माणसं पडद्यावर दिसतात. अण्णांच्या वयाला ही डबी सोन्याची. दुकानाच्या मराठी कप्प्यात तळाशी धूळ खात पडलेली असेल, वाकून बघा.

कन्नडचा_घाट

'स्पीड' (१९९४) राहिला. ताशी पन्नास मैलांच्या, म्हणजे ऐंशी किलोमीटरच्या खाली वेग आला की बस उडणार. लहान भाच्यासाठी एकदम योग्य.

बीडवाला

आमच्या रस्त्यावर ती बस पहिल्याच खड्ड्यात उडाली असती. सिनेमा पाच मिनिटांत संपला असता.

दुधनाकाठ

प्लेअरबद्दल दोन शब्द. आखाड्यावर धूळ असणारच. प्लेअरवर कायम कापड झाकून ठेवा, पण चालू असताना काढा, नाहीतर तापतो. तबकडी अडकायला लागली की लगेच तबकडीला दोष देऊ नका, आतल्या भिंगावर धूळ बसलेली असते. दोन थरांची डीव्हीडी मध्यावर क्षणभर थांबते, ते बिघडल्याचं लक्षण नाही. डीव्हीडी प्लेअर वीज फार थोडी खातो, इन्व्हर्टरवर टीव्हीसकट आरामात चालतो. आणि तबकड्या पत्र्याखाली ठेवू नका. मे महिन्यात त्या वाकतात. धान्याच्या कोठीजवळ, भिंतीच्या गार बाजूला, उभ्या ठेवा.

आखाड्यावरचा

मंडळी, काल जाऊन आलो. मालकानं दुपारभर स्टुलावर बसू दिलं, ट्यूबलाइटखाली एकेक तबकडी तिरकी धरून बघितली. चहा पण पाजला.

घेतलेलं सांगतो. ब्रूस लीचा चार सिनेमांचा सेट, तबकड्या मोजून. 'डाय हार्ड'च्या पहिल्या तिन्हींचा सेट, हिंदी आवाजासह. 'पोलीस स्टोरी' मिळाला, 'प्रोजेक्ट ए'ला मधे तडा होता म्हणून ठेवला. 'फ्युरी रोड', 'स्पीड', 'फर्स्ट ब्लड', 'व्हेअर ईगल्स डेअर'. हिंदीत 'प्रहार', 'अर्जुन', 'घायल', 'शोले'. मराठी कप्प्यात वाकून बघितलं आणि तळाला 'मराठा तितुका मेळवावा' खरंच निघाला! 'सेव्हन सामुराय' नव्हता. 'बॉर्न' होता, पण कन्नडच्या घाटानं माफ करावं, अण्णांची अट मोठी. सगळं दोन हजारांच्या आत बसलं.

रात्री आखाड्यावर 'वे ऑफ द ड्रॅगन' लावला. इंग्रजी आवाज होता, कुणाचं काही अडलं नाही. कलोसियमची मारामारी संपली आणि ब्रूस लीनं मेलेल्या चक नॉरिसच्या अंगावर त्याचाच अंगरखा आणि पट्टा ठेवला, तेव्हा अण्णा म्हणाले, "गडी चांगल्या वळणाचा हाय." मग म्हणाले, परत लाव, ती फाईट तेवढी.

माळेगावची_जत्रा

अण्णांना माझा रामराम सांगा.

सेलूची_लेक

'फर्स्ट ब्लड' बघितल्यावर मोठा भाचा काय म्हणतो ते इथं लिहा, विसरू नका.

कन्नडचा_घाट

माफ केलं. दुकानात ती 'बॉर्न'ची डबी अजून आहे ना? मालकाला म्हणावं बाजूला काढून ठेवा, मी शनिवारी येतोय.

नांदेडी_खिलाडी

आणि 'खिलाडियों का खिलाडी' दिसला का? अंडरटेकर नकली असला तरी चालेल, मला पाहिजे.

आखाड्यावरचा

दोन्ही आहेत. मालकाला फोन केला, तुमची नावं सांगून ठेवलीत. सोमवारी दुकान बंद असतं आणि तो जुन्या नोटा घेतो, ऑनलाइन पैसे घेत नाही, सुटे घेऊन या.

बीडवाला

जुन्या नोटा? मग माझ्याकडं हजाराच्या दोन आहेत, २०१६ पासून सांभाळल्यात.

आखाड्यावरचा

मळकट नोटा म्हणायचं होतं, भाऊ! चालू चलनातल्या आणा.